साडेतीन सेकंद उशिरा वाजलेला झारा

‘ध्वनि निर्धारित मानक के अनुरूप नहीं।’ एका लघुपट स्पर्धेकडून तीन आठवड्यांत हे एकच वाक्य मला दोनदा आलं. कुठला मानक, कमी पडतोय की जास्त होतोय, कितव्या सेकंदाला, काही नाही. आता सगळं मार्गी लागलंय, तरी ते वाक्य आठवलं की डोकं सणकतं. म्हणून लिहायला बसले.

गोष्ट 90 सेकंदांच्या ॲनिमेशनची, त्याच स्पर्धेसाठी केलेल्या. विषय आमचा इंदूरचा सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. शटर खाली येतं, कढया चढतात आणि शेवटी गराडूवालीच्या (गराडू म्हणजे तळून खातात तो कंद) हातून झारा निसटून फरशीवर पडतो. चित्रं ब्लेंडर नावाच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये केली, नोकरी सांभाळून, पाच महिने. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत.

आवाजाचं मात्र घरीच शिकावं लागलं. रात्री अकराला फोन घेऊन सराफ्यात गेले. गर्दीचा गलका झकास मिळाला, पण त्यातून एका झाऱ्याची टकटक वेगळी काढता येईना. मग तो गलका नुसता मागे ठेवला आणि जवळचे आवाज रामबागेतल्या घरी केले. आईने गराडू तळले, मी फोन कढईपासून हातभर लांब धरून उभी. शटरसाठी शेजारच्या मामांचं गॅरेज. त्यांनी आठ वेळा शटर ओढून दिलं, नवव्यांदा म्हणाले, “पुरे आता, आख्खी गल्ली उठेल.” गराडूवालीचा आवाजही आईचाच. तिची वाक्यं आधी रेकॉर्ड केली आणि त्यावर ओठ हलवले. उलटं करायला जाऊ नका, रडाल. प, ब, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, बाकीच्या अक्षरांना बघणारा बरंच माफ करतो.

पीएनजी चित्रांची मालिका काढली (मध्येच लाइट गेली तरी झालेलं काम वाया जात नाही), आवाज वेगळा काढला, दोन्ही केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवले, फाइल केली, सुरुवात बघितली, पाठवली. हात झटकले.

नऊ दिवसांनी ते वाक्य आलं.

मी ठरवून टाकलं की आवाज हळू आहे. नियमांच्या पत्रकात चौथ्या पानावर बारीक अक्षरांत ‘उणे 23 एलयूएफएस’ असं काहीतरी होतं. ते मी तेव्हा वाचलं, समजलं नाही आणि पुढे गेले. हा आकडा संपूर्ण फिल्मच्या सरासरी मोठेपणाचा असतो, सगळ्यात मोठ्या आवाजाचा नाही, हे नंतर कळलं. त्या दिवशी मी सरळ सगळा आवाज वर ढकलला, जाईल तितका, आणि पुन्हा पाठवला.

पुन्हा नऊ दिवस. पुन्हा तेच वाक्य, अक्षर न् अक्षर तेच.

आता फोन लावले. “मॅडम लंच पर हैं.” “पोर्टल पर देख लीजिए.” पोर्टलवर काय बघू, तिथे तेच वाक्य लाल रंगात आहे! ऑफिसमधून दुपारी जिन्यात जाऊन फोन करायचा, दहा मिनिटं घंटी ऐकायची आणि परत येऊन व्हाउचरं तपासायची, असे चार दिवस गेले. माझं म्हणणं एवढंच की फाइल उघडून ऐकणारा माणूस तिथे होता. त्याला चूक कळलीही होती. ती चूक माझ्यापर्यंत यायच्या ऐवजी मधल्या फॉर्मवर एका तयार वाक्याची टिचकी लागत होती. पाचव्या दिवशी फोन चुकून फिल्म चालवणाऱ्या ऑपरेटरकडे गेला. अर्ध्या मिनिटात काम झालं.

“दीदी, झारा पहले गिरता है, टन्न बाद में आती है. और आवाज़ फट रही है.”

फाटणं माझ्याच दुसऱ्या फेरीची कृपा. पण झारा?

घरी येऊन पाठवलेली फाइल पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितली. झारा पडला, गराडूवाली वाकली, झारा उचलला, आणि मग टन्न. आई हसत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्लेंडर मुळात सेकंदाला 24 चित्रं धरतं. पत्रकात 25 मागितली होती, म्हणून केडेनलाइव्हचं प्रोजेक्ट मी 25 चं केलं होतं. माझी चित्रं होती 2160. ती 24 ने 90 सेकंद चालतात, 25 ने 86.4. आवाज मात्र 90 सेकंदांचाच. झारा पडेपर्यंत चित्र जवळजवळ साडेतीन सेकंद पुढे निघून गेलेलं. सुरुवातीला नुसतं नाव आणि गलका, तिथे जुळायला काही नव्हतंच, आणि मी तेवढंच बघितलं होतं! ब्लेंडरमध्ये शंभरदा बघितलेलं सगळं बरोबर होतं, पण ती पाठवलेली फाइल नव्हती.

फरक थोडा असेल तर चालतो का, हेही शोधलं. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज 45 मिलिसेकंद आधी आला की लोकांना जाणवतं, उशिरा असेल तर 125 पर्यंत जाणवत नाही, असं आहे. म्हणजे तीनेक चित्रं उशीर पचतो, घाई एकही चित्र जेमतेम. निसर्गातही लांबचा आवाज मागूनच येतो ना.

दुरुस्ती एका रात्रीची. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो 4.167 टक्क्यांनी वाढवला. नुसता वेग वाढवला असता तर सूरही चढला असता. गलका, तळण्याची चरचर, शटर, कुणाला पत्ता लागत नाही. आईची वाक्यं तशी घाईची वाटायला लागली, तिची कुठलीतरी बस चुकतेय अशी. म्हणून ती मूळ रेकॉर्डिंगमधून घेऊन एकेक तुकडा ओठांखाली हाताने बसवला. झाऱ्याचाही. मोठेपणा मोजून उणे 23 वर आणला.

अजून एक राहिलंच: थेट ब्लेंडरमधून व्हिडिओ काढणार असाल तर ऑडिओ कोडेक (फाइलमध्ये आवाज साठवायची पद्धत) निवडलेला आहे ना ते आठवणीने बघा, तो नसेल तर फाइल मुकी निघते. आणि ब्लेंडरमध्ये बघताना प्लेबॅक ‘सिंक टू ऑडिओ’वर ठेवा, म्हणजे चित्र आवाजाला धरून चालतं.

तिसऱ्या खेपेला चौथ्याच दिवशी उत्तर आलं. एक शब्द: ‘स्वीकृत’. मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

हो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करायचं सगळ्यांना सुचतं, फ्रिजची घरघर फोनमध्ये गेल्यावरच कळते. तो बंद करा, पण स्कूटरची किल्ली आत ठेवा, म्हणजे बाहेर निघताना चालू करायची आठवण होते. मी ठेवली नव्हती. दोन लिटर दूध नासलं आणि आईने त्या रात्री मला एका शब्दाने काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.