पाव टाकी नेमकी कुठं भरते?

तासगावजवळ मामाची द्राक्षबाग आहे. बागेत भंगारातून आणलेली एक आडवी लोखंडी टाकी आहे. आतला व्यास 120 सेंटिमीटर, लांबी 270, दोन्ही तोंडं सपाट. बाहेर पारदर्शक नळी लावलेली. फवारणीचं पाणी मामा या नळीवर बघूनच मोजायचा. टाकीत बसतं साधारण 3054 लिटर, म्हणजे 30 सेंटिमीटरला पाव टाकी, 763 लिटर, असा त्याचा हिशेब. एकदा त्या हिशेबानं विद्राव्य खत टाकलं आणि पानांच्या कडा करपल्या.

उभ्या टाकीला हा हिशेब चालतो, आडवीला नाही, कारण ती तळाशी अरुंद असते. मला दर 500 लिटरला खूण करून द्यायची होती. सूत्र माहीत होतं: त्रिज्येचा वर्ग गुणिले व्यस्त कोसाइन (म्हणजे कोसाइनवरून काढलेला कोन), त्यातून एक त्रिकोण वजा, मग गुणिले लांबी. 30 सेंटिमीटर घालून बघितलं तर उत्तर 57,900 लिटर! कॅल्क्युलेटर अंशांत होता. रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, आणल्यावर 597 आलं. खत पाव पटीहून जास्त कडक झालं होतं, हे तेव्हा कळलं.

पण मला उलटं हवं होतं, लिटरवरून उंची. एक अख्खी संध्याकाळ मी उंचीला समीकरणाच्या एका बाजूला आणायच्या खटपटीत घालवली. ती येत नाही. ती व्यस्त कोसाइनच्या आतही आहे आणि बाहेर वर्गमुळातही. एकीकडून सोडवली की दुसरीकडे अडकते. मग अंदाज करून सुधारत जाणं आलं, म्हणजे न्यूटनची रीत.

कॉलेजात ही रीत मी नुसती पाठ केली होती, टाकीपाशी ती समजली. 500 लिटर हवेत आणि अंदाज 30 सेंटिमीटरचा, तर 97 लिटर जास्त झाले. त्या उंचीला पाण्याचा पृष्ठभाग 104 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उतरलं की 28 लिटर कमी. 97 भागिले 28, साधारण साडेतीन. आलो 26.54 वर. तिथं दोनच लिटर जास्त निघाले, पुन्हा तेच केलं आणि 26.47 वर थांबलो. सूत्राचं अवकलन, म्हणजे उंचीमागे लिटर किती वेगानं बदलतात ते, दुसरं काही नाही, पृष्ठभागाची रुंदी गुणिले लांबी.

सगळ्या खुणा एकदम काढाव्यात म्हणून पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आणि सुरुवात तळापासून, 1 सेंटिमीटरवरून केली. 1500 लिटरसाठी पहिल्याच उडीत उंची आली 255 सेंटिमीटर, टाकीच्या दुपटीहून जास्त! पुढे व्यस्त कोसाइननं हात वर केले: मॅथ डोमेन एरर. तळाशी पृष्ठभाग चिंचोळा, त्यामुळे भागाकार अवाढव्य येतो. शून्यापासून निघालो असतो तर शून्यानं भागावं लागलं असतं.

उपाय सोपा निघाला. प्रत्येक वेळी मध्यापासून, 60 सेंटिमीटरवरून निघायचं. पाणी मध्यापेक्षा कमी हवं असेल तर दर पायरी खालीच येते, जास्त हवं असेल तर वरच जाते, उत्तर ओलांडत नाही. 500 साठी 60, 28.31, 26.49, 26.47. ज्याला अवकलनाची भीती वाटते त्यानं सरळ टाकीची उंची अर्धी अर्धी करत, उत्तर ज्या अर्ध्यात असेल तेवढाच ठेवत जावं. अकरा वेळा केलं की मिलिमीटरच्या आत येतो. मी दोन्ही करून ताळा घेतला.

खुणा आल्या 26.5, 43.5 आणि 59.2 वर. वरच्या अर्ध्यासाठी नवीन काही लागलं नाही: तळाच्या 30 सेंटिमीटरमध्ये 597 लिटर, तर माथ्यापासून 30 खाली पाणी असताना 597 लिटरची जागा मोकळी.

मामाला कागद पटला नाही. दोनशे लिटरच्या बॅरलनं पाच वेळा पाणी ओतलं. नळीत पाणी 43.5 ऐवजी 44.3 वर. माझा चेहरा पडला. त्या उंचीला एका सेंटिमीटरला 31 लिटर, म्हणजे पंचवीसेक लिटर जास्त, बॅरलमागे पाच. मामा बॅरलकडे बघत म्हणाला, "आरं, आपण काठापतूर भरतोय की." आणि ऑइलपेंटचा डबा आणायला गेला.