झाडांची कानटोपी

गुरुवार, रात्री

आज ‘कॅनोपी’ एकदाची डोक्यात बसली! उंच झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरून जंगलावर जे छप्पर तयार होतं, ते. आमचा हा पठ्ठ्या सातवीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, गल्लीत गुजराती, आणि त्यात अध्ययन अक्षमता. रात्री घोकलेला शब्द सकाळी कोरा.

कॅनोपी कानाला कानटोपीसारखी लागते. मग फळ्यावर बडोद्याच्या कमाटीबागेत शोभतील अशी दांडगी झाडं काढली आणि सगळ्यांना मिळून एकच भलीमोठी कानटोपी चढवली. वर रणरणतं ऊन, खाली सावलीत हरीण. नुसती टोपी काढून भागत नाही. मग मुलं ‘कॅनोपी म्हणजे टोपी’ म्हणून मोकळी होतात. म्हणून विचारायचं ते पायरीपायरीनं: शब्द कशासारखा वाटतो? चित्रात ती वस्तू काय करत होती? मग अर्थ काय? त्यानं हरणावर बोट ठेवलं. “टीचर, याला ऊन लागत नाही. वर फांद्यांचं छप्पर झालंय.” व्याख्या म्हणून मला एवढी पुरते.

ही युक्ती माझी नव्हे. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोन संशोधकांनी 1975 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना अशाच तऱ्हेनं 120 रशियन शब्द शिकवले. चाचणीत त्यांना 72 टक्के शब्द आठवले, आपापल्या पद्धतीनं पाठ करणाऱ्यांना 46 टक्के. ती कॉलेजची पोरं, हे खरं. पण पुढे मॅस्ट्रोपिएरी आणि स्क्रग्ज या संशोधकांनी हीच रीत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत वापरून पाहिली आणि तिथेही ती चालली.

आजीबाई न्यायला आल्या तेव्हा वही बघून म्हणाल्या, “बाई, झाडाला टोपी? परीक्षेत हेच लिहील हो हा!” नाही लिहिणार. अर्थ पक्का झाला की टोपी आपसूक मागे पडते. दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, न सांगता विचारायचं मात्र सोडायचं नाही.

सगळ्यात वेळ जातो तो जुळणारा शब्द शोधण्यात. ‘पेडलर’साठी मी डोक्यावर पेढ्यांची टोपली घेतलेला फेरीवाला काढला होता, मराठी मुलांना चटकन लागला, गुजराती मुलगी मात्र अडली. तिच्या घरी पेढ्याला म्हणतात पेंडा! तेव्हा एकच चित्र सगळ्या वर्गाला वाटून चालत नाही. ‘स्वतःच शोधा’ म्हणून मुलांवर टाकलं तर तास नुसता शोधण्यातच संपतो, म्हणून बहुतेक शब्द मीच घरून तयार करून नेते.

‘ह्युमस’ला मात्र मला काही सुचत नव्हतं. निघता निघता तोच म्हणाला, “टीचर, ह्युमस, मऊस! कुजलेल्या पानांची मऊ माती.” उद्या चित्र त्यालाच काढायला सांगते.