आटवायला सांगितलेला सड

येळ्ळूरच्या त्या गाईचा पुढचा उजवा सड आटवा, असं मीच सांगून आलो होतो. बोटांना आत काहीतरी घट्ट लागत होतं, गाय लाथा झाडत होती आणि पुढं अजून दोन कॉल होते. जुन्या दगडीनं, म्हणजे कासेच्या सुजेनं, गाठ धरलीय म्हणालो आणि मोकळा झालो.

चार दिवसांनी गाईच्या मालकांचा, अण्णांचा फोन. "डॉक्टर, दोन-चार धारा बऱ्या येत्यात की वो, मग गप्पकन बंद." तिथंच खटकलं. सड आतून बुजला असता तर धार पहिल्यापासूनच बारीक यायला हवी.

गाभण तपासायचं सोनोग्राफी मशीन घेऊन गेलो. राजहंसगड ढगात बुडालेला, गोठ्यात अंधार. स्क्रीन बघायला बरंच. सडावर नुसता प्रोब दाबला तर सड चेपतो, म्हणून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत कोमट पाणी घेऊन त्यात सड बुडवला आणि बाहेरून जेल लावून प्रोब टेकवला.

"आता कासेत वासरू बघताय काय?" आजींनी विचारलं.

दूध स्क्रीनवर काळं दिसतं. पांढरंशुभ्र दूध आणि चित्रात शाई, याची मला अजून गंमत वाटते. दगडी असली की त्या काळ्यात पांढरे कण, गाठी तरंगतात. इथं सड वरपर्यंत काळाभोर भरलेला. फक्त मधे तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. अण्णांना हळू पिळायला लावलं. ठिपका दुधाबरोबर सरकत खाली आला आणि थेट तोंडावर बसला. धार बंद. हात सोडला, तसा परत वर.

दुधातल्या क्षारांचा खडा!

चित्र स्वच्छ म्हणजे दूध स्वच्छ, असं मात्र नाही. दगडीत दुधातल्या पेशी वाढतात, त्या मशीनला मोजता येत नाहीत. म्हणून चारी सडांचं दूध पॅडलच्या वाट्यांत घेतलं, तेवढंच जांभळं द्रावण घालून फिरवलं. पेशी वाढलेल्या असल्या की ते चिकट होतं. कुठंच झालं नाही.

सडाच्या बुडाशी भूल दिली, चिमट्यानं खडा आतच फोडला आणि तुकडे धारेबरोबर काढले. मग अँटिबायोटिकची ट्यूब सोडून बजावलं, ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत हिचं दूध डेअरीला घालायचं नाही. अण्णांचं तोंड उतरलं. सड आटवा म्हणालो तेव्हाही एवढं उतरलं नव्हतं.

आजींनी ते तुकडे काडेपेटीत घालून ठेवले.

"कशाला ओ आजी?"

"परत कुणाचा सड आटवायला सांगितलासा, तर दाखवायला."