आमची वाटचाल: कुत्र्यांसोबत पुण्याच्या डोंगरवाटांवर

पुण्यात कुत्रा पाळणाऱ्याला टेकडी नवी नाही. पहाटे वेताळ टेकडीवर जा, माणसांइतकीच कुत्री भेटतील. लॅब्रॅडॉर, बीगल, सोसायटीच्या फाटकाशी पिल्लू म्हणून सापडलेला आणि आता घरचा झालेला गावठी. टेकडी संपून डोंगर लागला की मात्र सगळं बदलतं. तिथे नळ नाही, रिक्षा नाही, जनावरांचा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. टेकडीवर रोज जाणाऱ्या कुत्र्याला डोंगरावर नेऊन सुखरूप परत आणायचं, एवढंच आमचं काम आहे आणि त्यावरच आमचं घर चालतं.

मी शनिवार-रविवारी ट्रेक नेत असे. बायको एका दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होती. माझ्याकडे नाव नोंदवणारे हमखास विचारायचे, ‘दादा, आमच्या कुत्र्याला आणलं तर चालेल का?’ चाळीस जणांच्या गर्दीत ते चालणारं नव्हतं. कुणीतरी घाबरणारं असतंच, आणि गर्दीत कुत्राही बावचळतो. पण दवाखान्यात बायकोला तोच प्रश्न उलट्या बाजूने दिसत होता. दिवसभर घरात कोंडलेली, वजन वाढलेली, दाराची घंटा वाजली तरी अंगावर येणारी कुत्री. 2017 चा पावसाळा सरल्यावर ओळखीतली चार-पाच घरं जमवून आम्ही घोराडेश्वरला गेलो. वाट मळलेली, चढ बेताचा. वर लेणी आहेत आणि महादेवाचं देऊळ आहे, म्हणून कुत्री खालच्या सपाटीवर थांबवली आणि माणसं आळीपाळीने दर्शनाला गेली. ती पद्धत आजही तशीच आहे.

पावसाळ्यात आम्ही जात नाही. कातळावर शेवाळ असतं, ओढ्यांचा भरवसा नसतो आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उन्हाळा तर विचारातही घेऊ नये. खरा काळ आश्विन-कार्तिकाचा. मान्सून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुण्यातून परततो. उतारांवर सोनकी अजून पिवळीजर्द असते, तेरडा सरत आलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ. सिंहगडाचा मनोरा शहरातून ओळखू येतो ते हेच दिवस.

मात्र याच दिवसांत ऑक्टोबर हीटही असते. दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि आपला काळा कातळ तापतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी पंज्यांत, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचं मुख्य काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्याचं. त्याच्या शरीराचं तापमान मुळातच साधारण 38.3 ते 39.2 अंश असतं. ते 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. म्हणून आमची गाडी पहाटे पाचला निघते, उजाडताना चढ सुरू होतो आणि नऊ-साडेनऊला आम्ही परत पायथ्याला असतो. वाटेत मी हाताची मागची बाजू कातळावर टेकवून पाहतो. मला सहन होत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही होत नसणार, मग वाट सोडून गवताच्या कडेने चालायचं. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना आम्ही डोंगरावर घेतच नाही. त्यांना धाप टाकायलाच त्रास होतो. मालक नाराज होतात, काही जण भांडूनही गेले, पण यात बदल होणार नाही. हस्की मात्र डिसेंबर-जानेवारीत, पहाटेच्या थंडीत येऊ शकतो.

या मोसमाचं दुसरं संकट म्हणजे कुसळ. डोंगरावरचं गवत पिकून पिवळं पडलं की दृश्य सुंदर असतं, आणि त्याच गवताची कुसळं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरतात. कुसळाला मागे वळलेले बारीक केस असतात. त्यामुळे ते एकाच दिशेने सरकतं, आत. आपोआप बाहेर येत नाही. पंज्यातून शिरलेलं कुसळ आत गळू करतं, कानात गेलेलं पडद्यापर्यंत पोचतं. कुत्रा एकाएकी शिंका देऊ लागला, मान झटकू लागला, एकच बोट सारखं चाटू लागला तर ‘बघू उद्या’ म्हणू नका. आमच्याकडे ट्रेक संपल्यावर चहाच्या आधी अंगतपासणी होते. बायको प्रत्येक पंजा उघडून पाहते, कान उलटून पाहते, काखेत आणि जांघेत बोटं फिरवते. केसाळ कुत्र्यांचे पंज्यांमधले केस निघायच्या आधीच कापून ठेवायला सांगतो.

त्याच तपासणीत गोचीड सापडतात. गोचिडातून एर्लिकिया आणि बाबेसिया हे दोन्ही आजार येतात. ताप, मलूलपणा, हिरड्या पांढुरक्या पडणं ही त्यांची लक्षणं, आणि ती कधीकधी बऱ्याच दिवसांनी दिसतात. गोचीड काढताना चिमटा कातडीला भिडवून सरळ वर ओढायचा. रॉकेल लावायचं नाही, काडीने चटका द्यायचा नाही. घराघरांतले हे जुने उपाय सोडवायला आम्हाला फार बोलावं लागलं आहे.

वाटा निवडताना आमचा हिशेब साधा असतो. सावली किती, पाणी कुठे, आणि कुत्र्याला उचलावं लागेल अशी जागा आहे का? कात्रज ते सिंहगड ही पुणेकरांची लाडकी डोंगररांग, पण एकामागून एक टेकड्यांचा चढउतार, पाणी नाही, उतारांवर घसारा, म्हणजे पाय घसरवणारी सुटी माती-खडी, आणि कमरेएवढं गवत. कुत्र्यासाठी ती नाही. तिकोना उभ्या पायऱ्यांमुळे नाही, रविवारचा सिंहगड तर गर्दीमुळेच नाही. आमचा आवडता आहे मल्हारगड. दिवे घाटाच्या वर, सोनोरी गावातून जायचं. हा महाराष्ट्रातला सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला समजतात. 1757 ते 1760 च्या दरम्यान पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानशांनी तो बांधला. किल्ला लहान, चढ सोपा, माथ्यावर मोकळं वारं. जेजुरी इथून लांब नाही आणि खंडोबासोबत कुत्रा असतोच. वाटेत एखादे आजोबा आमच्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून ‘येळकोट येळकोट’ म्हणतात, तेव्हा शहरातून आलेल्या मालकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे. गडावरच्या टाक्यात मात्र कुत्र्याला उतरू द्यायचं नाही. ते पाणी माणसं पितात. प्रत्येक कुत्र्याचं पाणी आणि वाडगं त्याच्या मालकाच्या पाठीवर.

पट्टा पूर्ण वेळ. यावर सगळ्यात जास्त वाद होतात. ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य रोज ऐकतो. तो काही करत नसेलही, पण समोर शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात आणि पुरंदरच्या बाजूला ते वाटेत भेटतात. कळप आला की आम्ही वाट सोडून वर चढतो, कुत्र्याला बसवतो आणि शेवटचं मेंढरू जाईपर्यंत थांबतो. त्यांच्या राखणीच्या कुत्र्यांशी आपल्या कुत्र्याची गाठ पडू द्यायची नाही. दुसरी बाजू जंगलाची. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून निष्पन्न झालं आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार लांडग्याला, खोकडाला मारू शकतो. म्हणून लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय आम्ही कुणालाही गाडीत बसवत नाही, आणि अभयारण्यात कुत्रा नेत नाही. कोजागरीला चांदण्यात फिरवा अशी मागणी दरवर्षी येते. बिबट्याच्या आहारात कुत्रा मोठ्या प्रमाणात असतो, तेव्हा अंधारात त्याला डोंगरावर नेण्याचा प्रश्नच येत नाही. कोजागरीचं मसाला दूध आम्ही गच्चीवर पितो, कुत्र्यांना साधं पाणी.

गावांशिवाय यातलं काही उभं राहिलं नसतं. पायथ्याच्या गावात आधी जाऊन सरपंचांना भेटायचं, गाडी कुठे लावायची ते विचारायचं, नाश्ता गावातच सांगायचा. पोहे-चहा, कधी पिठलं, भाकरी, ठेचा. एका घरी मावशी पहिल्यांदा कुत्री अंगणात येऊ द्यायला तयार नव्हत्या. हंगामाच्या शेवटी त्याच म्हणाल्या, ‘लेकरागत सांभाळता की!’ आणि शिळ्या भाकरीचा तुकडा घेऊन स्वतः पुढे आल्या. गावची कुत्री हा वेगळा विषय. सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की गावातलं एखादं कुत्रं बोलावल्याशिवाय सोबत निघतं, गड दाखवतं आणि खाली आणून सोडतं. आमच्या गटातही ते येतं, फक्त पुढे चालतं. त्याला हाकलत नाही.

2020 च्या टाळेबंदीनंतर कामाचं रूप पालटलं. घरोघरी पिल्लं आली होती आणि वर्षभरात ती घर डोक्यावर घेऊ लागली होती. तेव्हा विचारणा इतकी वाढली की मोठे गट करून पैसा कमावता आला असता. आम्ही एका वेळी आठच कुत्री नेतो, चार कुत्र्यांमागे आमचा एक माणूस. त्यामुळे शुल्क जास्त आहे आणि पावसाळ्यात उत्पन्न नाही. ती कसर हार्नेसची, म्हणजे अंगात घालायच्या पट्ट्याची, विक्री भरून काढते. बाजारातल्या पट्ट्यांनी गळ्यावर ताण येतो, काखेत घासतं. बोहरी आळीतून जाड पट्टी आणि कड्या आणून आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडून छातीवरून जाणारा, पाठीवर धरायला मूठ असलेला पट्टा शिवून घेतला. घसाऱ्यावर कुत्र्याला वर ओढायचं तर मूठ हवीच. आता पावसाळ्याचे चार महिने काकांची मशीन त्यावरच चालते.

दिवाळीचा मुक्काम मात्र आम्ही नफ्यासाठी ठेवलेला नाही. फटाक्यांनी पलंगाखाली थरथरत बसणारी कुत्री पाहिली की कुणाचंही पोट तुटेल. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत पानशेतकडच्या एका वाडीवर राहतो. वाडीतही फटाके वाजतात, पण तासभर, शहरासारखे मध्यरात्र उलटेपर्यंत नाही. सकाळी धरणाच्या कडेने फिरणं, दुपारी झाडाखाली झोप. फराळ सगळे आपापला आणतात, आणि बेदाणे घातलेले लाडू व चॉकलेट कुत्र्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर टांगलेल्या टोपलीत राहतं.

यंदाचा हंगाम दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होतोय. नव्या कुत्र्याने आधी वेताळ टेकडीवर आमच्यासोबत एक फेरी मारायची. तो इतर कुत्र्यांशी कसा वागतो, पट्ट्यात किती चालतो, हाकेला येतो का, हे पाहूनच डोंगरासाठी नाव घेतो. येताना लसीचं कार्ड, दोन लिटर पाणी, वाडगं आणि एक जुना टॉवेल आणा. नखं आदल्या दिवशी कापून ठेवा, ट्रेकच्या सकाळी नको. पहाटे पोटभर खाऊ घालू नका, थोडंसं द्या. बाकीचं खाली उतरल्यावर.