खडीखालचं पाणी

मराठवाड्यातल्या आमच्या अभ्यासाच्या पट्ट्यात एक जागा होती. तिथे कितीही पॅकिंग करा, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून भरा, थोड्याच दिवसांत रूळ पुन्हा बसायचा. स्लीपरच्या टोकांवर काळपट चिखल उडून वाळलेला असायचा. गँग खडी टाकायची, मशीन रूळ उचलून सारखा करून जायचं आणि काही आठवड्यांत गाड्यांवर पुन्हा वेगमर्यादा लागायची.

मी विद्यापीठात मातीवर आणि रेल्वेच्या भरावांवर संशोधन करते. मला त्या जागी एकच गोष्ट शोधायची होती: हा चिखल नेमका कशाचा?

गाड्यांच्या वजनाने खडीही झिजते, तिचा भुगा होतो आणि पाणी मिळालं की त्याचाही चिखलच होतो. सेलिग आणि वॉटर्स या संशोधकांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या रुळांबद्दल जे मांडलं, त्यात खडी खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण हा भुगाच ठरला होता. तसं असेल तर खडी काढून चाळली की भागतं. पण खालची माती वर येत असेल, तर चाळणीवर केलेला खर्च दर वेळी मातीत जातो. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. खडी बेसॉल्टची आणि काळी मातीही बेसॉल्टचीच झीज होऊन बनलेली. दोन्हींचा चिखल जवळपास एकाच रंगाचा, त्यामुळे नुसतं बघून निवाडा करता येत नाही.

म्हणून रुळाखाली आडवा चर घ्यायचा ठरला. दिवस मे महिन्याचे. लांब वेल्डेड रुळाखालची खडी उन्हात मोकळी केली, तर तापलेला रूळ बाजूला सरकण्याचा धोका असतो. त्यामुळे ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, पहाटेचा मिळाला. मुकादमांनी रुळावर थर्मामीटर लावून ठेवला होता आणि ते दर थोड्या वेळाने आकडा मोठ्याने सांगत होते. तो मर्यादेच्या जवळ गेला की काम थांबवून चर बुजवायचा, हे आधीच ठरलं होतं.

दोन स्लीपरच्या मधली खडी पंजाने ओढायला सुरुवात झाली. वरचा थर कोरडा होता, त्याखाली राखाडी भुगा. स्लीपरच्या तळापासून साधारण तीस सेंटिमीटर खडी असावी आणि मग भराव लागावा, अशी माझी अपेक्षा होती. भराव लागेना. अर्धा मीटर खाली गेलो तरी खडीच, आणखी खाली गेलो तरी खडीच. ती आता काळ्या चिकट मातीत रुतलेली होती.

रोज चालत रूळ तपासणारे कीमनमामा कडेला उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, इथं उन्हाळ्यातबी गाडी गेली की खालून बुडबुडं येतेत. मी सांगितलं होतं, पण उन्हाळ्यात पाणी कुठलं म्हनत्यात."

चर भरावाच्या उताराकडे वाढवला आणि मातीची शेवटची भिंत फोडली, तसं पाणी बाहेर आलं. ठिबकलं नाही, वाहिलं. आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या, शेतात हात जाईल एवढ्या भेगा, आणि रुळाखालून गढूळ पाणी वाहत होतं. सगळे काही वेळ नुसते बघत राहिले. मग मुकादमांनी आकडा सांगितला आणि आम्ही घाईने नमुने भरले. भुग्याचे वेगळे आणि तळाच्या मातीचे वेगळे.

रुळाखाली काय झालं होतं, ते चराच्या कापलेल्या बाजूवर स्पष्ट दिसत होतं. ओली काळी माती मऊ पडते, चाकांच्या भाराने खडी तिच्यात घुसते आणि रूळ बसतो. वरून नवी खडी टाकली की पुढच्या गाड्या तीही खाली ढकलतात. वर्षानुवर्षं असं होऊन मातीत एक मोठी काहील तयार झाली होती. काळी माती पाणी सोडत नाही, म्हणून पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी तिथेच अडकून राहायचं. आपण टाकलेली प्रत्येक घमेलंभर खडी त्या खड्ड्यालाच मोठं करत होती, हे मला फार लागलं. गँगचे लोक भर उन्हात राबत होते आणि त्यांचे कष्ट खाली गिळले जात होते.

प्रयोगशाळेत मुक्त फुगवट्याची चाचणी घेतली. दहा-दहा ग्रॅम बारीक चाळलेली माती, एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास थांबायचं. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला धरतात. वरच्या भुग्याची पातळी दोन्ही नळ्यांत जवळपास सारखी राहिली. तळाची माती पाण्यात दीडपटीहून वर चढली. स्लीपरवर उडालेला वाळका चिखलही आम्ही खरवडून आणला होता. तोही फुगला. म्हणजे माती वर येत होती.

रेल्वे आणि मातीचं शास्त्र यांचं नातं जुनं आहे आणि ते अपघातांतून घडलं आहे. खचणाऱ्या भरावांमुळे स्वीडनच्या सरकारी रेल्वेने 1914 मध्ये अभियंते फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचं काम चालू असतानाच 1918 मध्ये स्वीडनमधल्याच येटो इथे भराव खचला आणि गाडीतली चाळीसहून अधिक माणसं गेली. 1922 च्या त्यांच्या अहवालाबद्दल मी विद्यार्थ्यांना दर वर्षी आवर्जून सांगते. आमच्या जागी कुणी दगावलं नव्हतं. पण जमिनीखालचं कुणी बघत नाही, हे दुखणं तेच आहे.

खरा उपाय म्हणजे भरावावर चांगल्या प्रतीच्या मुरमाड मालाचा जाड थर देणं. चालू मार्गाखाली तो घालणं फार अवघड असतं. म्हणून आम्ही त्या काहिलीच्या तळापर्यंत जाणारे आडवे चर सुचवले. त्यांत जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) आणि दगड भरायचे, आणि भरावाच्या पायथ्याशी पूर्वी माती उकरलेल्या खड्ड्यांत पाणी साचू नये म्हणून गटार काढायचं. रेल्वेच्या अभियंत्यांनी पावसाळ्याआधी निम्म्या लांबीत हे काम करून घेतलं.

दिवाळीनंतर पातळी मोजली. चर असलेल्या भागात रूळ जागेवर होता. उरलेल्या निम्म्या भागात पुन्हा बसला होता आणि स्लीपरवर तोच चिखल होता. त्या भागासाठी ब्लॉकचा अर्ज गेला आहे. कीमनमामांनी त्याच मार्गावर बुडबुडे येणाऱ्या आणखी जागा खांब क्रमांकांसह लिहून दिल्या आहेत. पुढचं सर्वेक्षण त्या यादीप्रमाणे करणार आहोत.