आपत्कालीन संपर्काची चौकट

नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी मुलीच्या शाळेकडून दरवर्षी एक अर्ज येतो. नाव, जन्मतारीख, लसीकरण, ॲलर्जी असा सगळा तपशील भरून झाला की अगदी तळाशी एक चौकट असते: आईवडिलांशी संपर्क होऊ शकला नाही तर कोणाला कळवावे? सलग सहा वर्षे त्या चौकटीत मी एकच नाव लिहिले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून तो फोन क्रमांक न पाहता लिहिता येऊ लागला होता. यंदा वरचा सगळा भाग दहा मिनिटांत भरून झाला आणि पेन त्या चौकटीपाशी थांबले. ज्यांचे नाव तिथे असायचे ते कुटुंब दहा महिन्यांपूर्वी हा देश सोडून दुसऱ्या खंडात राहायला गेले. त्या चौकटीत असा माणूस लागतो, जो शाळेचा फोन आल्यावर हातातले काम टाकून अर्ध्या तासात पोहोचू शकेल. आणि असा माणूस या शहरात आता आपल्याला उरलेला नाही, ही गोष्ट मला त्या छापील अर्जाने सांगितली.

आमची ओळख झाली ती इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. आम्हाला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी कपड्यांची बादली घेऊन खाली उतरलो तेव्हा आतून एका पुरुषाचा वैतागलेला आवाज आला, "आता काय पाया पडू का तुझ्या?" यंत्राचे दार उघडत नव्हते आणि समोर एक गृहस्थ त्याला मराठीत दम देत उभे होते. परक्या देशात, जमिनीखालच्या त्या खोलीत, आपली भाषा अशी रागात असताना अचानक कानावर पडली की जे वाटते ते सांगणे कठीण आहे. ते दुसऱ्या मजल्यावर राहत होते, आम्ही तिसऱ्या. त्यांचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा एक वर्षाने मोठा होता.

पुढे जे झाले त्याला नाते म्हणावे तर त्याचा हिशेब कधीच नीट लागला नाही. मी त्या मित्राच्या बायकोला वहिनी म्हणत असे आणि माझी मुलगी तिला मावशी म्हणत असे, कारण दोघी बायकांनी आपण बहिणी आहोत असे आपसात ठरवून टाकले होते. म्हणजे एकाच घरात मी दीर आणि माझी बायको माहेरची. याबद्दल कोणाला काही खटकले नाही. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना नाती जुळवताना वंशावळीची काटेकोर शिस्त पाळता येत नाही. जी जागा रिकामी असते तिथे जो जवळ असतो त्याला बसवावे लागते.

जवळ असणे ही गोष्ट मैत्रीत किती मोठी आहे, याचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली याची पाहणी केली आणि १९५० मध्ये ती प्रसिद्ध केली. एकाच मजल्यावर लागून दारे असलेल्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटले. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होते. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी मैत्री अधिक होती, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून जात-येत. हे वाचले तेव्हा मला थोडा रागच आला. आपल्या आयुष्यातली सर्वांत घट्ट मैत्री गवंड्याने जिना कुठे काढला यावर ठरली, हे ऐकून घ्यायला कोणाला आवडेल? पण खरे सांगायचे तर आमचेही तसेच होते. ते चार चौक पलीकडे राहत असते तर आम्ही एकमेकांचे चांगले परिचित झालो असतो, इतकेच.

त्या सहा-सात वर्षांत आम्ही एकत्र काय केले असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे फारसे काही निघणार नाही. आम्ही सहली फार केल्या नाहीत, मोठे समारंभही केले नाहीत. मी कचरा टाकायला खाली जाताना त्यांच्या दाराशी थांबे आणि कचऱ्याची पिशवी हातात तशीच धरून पाऊण तास बोलत राही. वहिनी इस्त्रीचे कपडे घेऊन आमच्याकडे येत असत, कारण त्यांच्या मते एकटीने इस्त्री करणे ही शिक्षा होती. आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे असे. एका रात्री दीड वाजता माझ्या बायकोला रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा मी फोनवर पुरते वाक्यही बोललो नव्हतो. तो घरातल्या सपाता घालून, अंगावर पांघरूण ओढून वर आला, "तू जा" एवढेच म्हणाला आणि आमच्या सोफ्यावर आडवा झाला. सकाळी मुलगी उठली तेव्हा घरात आई नव्हती, बाबा नव्हता, तरी ती रडली नाही, कारण सोफ्यावर काका घोरत होता. या प्रसंगाबद्दल मी त्याचे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तो चिडला असता.

परदेशात राहणाऱ्या माणसाचे राहणे बहुधा त्याच्या नोकरीला बांधलेले असते आणि परवान्याची मुदत नोकरीबरोबर डळमळते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असलेली गोष्ट आपल्या जिन्यात येऊन उभी राहील असे कोणी धरून चालत नाही. त्याच्या कंपनीने त्याचा विभाग बंद केला. ठरलेल्या मुदतीत या शहरात दुसरी नोकरी मिळाली नाही, दुसऱ्या देशात मिळाली. कळल्यापासून निघेपर्यंत सात आठवडे होते, आणि ते सगळे खोकी, चिकटपट्ट्या आणि कागदपत्रांच्या प्रती यांत गेले. शेवटच्या दिवशी निरोपाचे बोलणे असे काही झालेच नाही. जे नेता येत नव्हते ते सगळे एक मजला वर चढून आमच्याकडे आले: घडीची शिडी, दोन कुंड्या, पडद्याचा दांडा, अर्धी उरलेली कपडे धुण्याच्या साबणाची बाटली. त्या बाटलीच्या बुचावर वहिनींनी मापाची रेघ मार्करने ओढलेली होती, कारण त्यांच्या मते तो नेहमी साबण जास्त ओतत असे. साबण दीड महिन्यात संपला. बूच मी ठेवले आहे.

सगळ्यांना वाटते की आता फोन आहे, चेहरा दिसतो, मग अंतर राहिले कुठे? गावाकडच्या नातेवाइकांनी तर आम्हाला या बाबतीत फार मनावर घेऊ दिले नाही. त्यांचेही चुकत नाही. आम्ही स्वतः त्यांना सोडून इतक्या दूर आलो, आणि आता एक शेजारी गेला म्हणून सुस्कारे टाकणे त्यांना विचित्र वाटले असणार. फोन आहे हे खरेच आहे. त्यांच्या आणि आमच्या घड्याळांत नऊ तासांचा फरक आहे, त्यामुळे आमच्या सुटीच्या दिवसाची संध्याकाळ आणि त्यांची सकाळ एवढीच एक वेळ जुळते. त्यातही घड्याळे पुढे-मागे करणारे देश ती एकाच दिवशी करत नाहीत, म्हणून वर्षातून दोनदा मधले काही आठवडे नऊचे आठ होतात. पहिल्याच खेपेला आम्हाला हे लक्षात आले नाही आणि दोन्ही कुटुंबांची चुकामूक झाली. आम्ही फोन उभा करून त्याच्यासमोर चौघांच्या फोटोला बसावे तसे बसलो, तेव्हा ते आमची वाट पाहून बाहेर पडले होते.

पण अडचण वेळेची नाही. फोन लागला की पहिला प्रश्न येतो, "काय विशेष?" या दोन शब्दांपाशीच सगळे अडते. विशेष काय असणार? आमची मैत्री विशेष नसलेल्या गोष्टींवरच उभी होती: नळाची गळती, मुलांचे हट्ट, वरिष्ठांच्या खोकण्याची नक्कल, आज वारा किती आहे. आठवड्यातून एकदा ठरवून केलेल्या फोनवर असल्या गोष्टी सांगण्याच्या लायकीच्या वाटत नाहीत, म्हणून आपण निवडक बातम्या सांगतो. आणि बातम्या तर आपण कोणालाही सांगतो. शिवाय जिन्यात आम्ही दोघे बराच वेळ गप्पही उभे राहत असू. फोनवर चार सेकंद कोणी बोलले नाही तर लगेच "आवाज येतोय ना?" असे विचारले जाते.

मुलांचे नुकसान वेगळेच झाले, आणि ते मला उशिरा कळले. माझी मुलगी मराठी उत्तम बोलते, असे आमचे मत होते आणि आजही आहे. पण आता ती मराठी फक्त आमच्याशी बोलते, म्हणजे मोठ्या माणसांशी बोलण्याचे मराठी बोलते. त्या मुलाबरोबर ती ज्या मराठीत भांडत असे, चिडवत असे, खेळात खोटे बोलत असे, ते मराठी आमच्या घरात वापरायला तिला कोणी उरले नाही. परवा ती बाहुलीवर रागावली, तेव्हा शाळेच्या भाषेत रागावली. मी ऐकले आणि दुसऱ्या खोलीत गेलो.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना, ज्या वियोगाला स्पष्ट शेवट नाही अशा वियोगाची कल्पना मांडली. आमच्या बाबतीत ती वापरणे म्हणजे अतिशयोक्ती होईल. ते लोक सुखरूप आहेत, आनंदात आहेत, नव्या घराचा फोटो पाठवतात. तरी त्यातली एक गोष्ट मला पटते. ज्या दुःखाची जगात रीतसर नोंद नसते, ते दुःख करण्याची परवानगी माणूस स्वतःलाच देत नाही. कार्यालयात मी कोणाला सांगू, की खालच्या मजल्यावरचा मित्र गेला म्हणून आज माझे लक्ष लागत नाही?

आता त्या चौकटीकडे परत येतो, कारण तिने मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती माझ्या बाजूची नाही. दहा महिने मी असे समजत होतो की त्यांच्या जाण्याने आम्ही एकटे पडलो. अर्ज समोर घेऊन बसलो, तेव्हा दिसले की त्यांच्या असण्याच्या काळातच आम्ही बाकी सगळ्यांसाठी दार लावून घेतले होते. एक घर मिळाले आणि आमचा शोध संपला. या देशाची भाषा मी कामापुरती शिकलो, कारण संध्याकाळी घरी आल्यावर तिची गरज नव्हती. सहकाऱ्यांनी बोलावले तर मी दोनदा गेलो आणि तिसऱ्यांदा कारण सांगितले. आम्ही या शहरात सात वर्षे राहिलो असे म्हणतो, पण खरे तर आम्ही एका जिन्यात राहिलो.

आणि आता नव्याने सुरुवात करायची, तर हिशेब घाबरवणारा आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकतेच नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांना विचारून, मैत्रीला किती वेळ लागतो याचा अंदाज काढला होता. जुजबी ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला सुमारे ९० आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास. एकत्र काम करताना गेलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत, हेही त्यात आहे. म्हणजे कार्यालयातली माझी सात वर्षे बहुतेक वजाच झाली. खालच्या मजल्याशी आमचे २०० तास पहिल्या हिवाळ्यातच भरले असतील. आता एखाद्या कुटुंबाला पंधरवड्यातून एकदा दोन तास भेटायचे म्हटले, तर तेवढे तास भरायला जवळपास चार वर्षे लागतील, तोवर मुलगी शाळेचे अर्ज स्वतः भरू लागेल.

आमच्या घराची किल्ली अजून त्यांच्याच जुडग्यात आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने तिचा फोटो पाठवून विचारले, "अरे, ही तुमची ना?" पोस्टाने पाठवतो म्हणाला. मी त्याला नंतर कळवतो म्हणालो आणि अजून कळवलेले नाही.

अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी एक मजला वर गेलो. चौथ्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहतात. सात वर्षांत त्यांच्याशी माझे बोलणे नमस्कार आणि हवामान यांपलीकडे गेले नव्हते. त्यांचे पूर्ण नावही मला दारावरची पाटी वाचूनच कळले. मोडक्यातोडक्या भाषेत मी कारण सांगितले. त्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा आणायला आत गेल्या, सगळा अर्ज सावकाश वाचला आणि चौकटीत स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत नाव आणि क्रमांक लिहिला. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, की मुलीचे नाव नेमके कसे उच्चारायचे, कारण जिन्यातून हाक मारलेली त्या इतकी वर्षे ऐकत होत्या आणि त्यांना ते कधी नीट कळले नव्हते. मी सांगितले. त्यांनी दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आले.