सायकल कोकणातून मुंबईला आणताना: ‘पार्सल’ म्हणू नका, ‘लगेज’ म्हणा

मांडवा ते गुहागर चार दिवस माउंटन बाइक चालवली, तीन फेरीबोटी घेतल्या, एकदाही पंक्चर नाही. आणि मग सायकल मुंबईला आणण्यात तीन दिवस गेले. ज्यांना असं जायचं आहे त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

जाताना काहीच त्रास नाही. परळहून पहाटे सायकल मारत भाऊच्या धक्क्यावर गेलो, रो-रो बोटीत (गाड्यांसकट नेणाऱ्या) सायकल ढकलत चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. चाक काढावं लागत नाही की काही बांधावं लागत नाही. पहिला मुक्काम मुरुडला, दुसरा हरिहरेश्वरला, तिसरा आंजर्ल्याला. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी आणि दाभोळ ते धोपावे या तिन्ही फेरीबोटींवर सायकल सहज चढते.

या वाटेवरचा सगळ्यात सुंदर तुकडा म्हणजे शेखाडी, कोंडिवली, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्याचा रस्ता. उजव्या हाताला सतत समुद्र. पण माउंटन बाइक नेली होती ती सड्यासाठी, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारासाठी. खाडी ओलांडली की घाटी चढायची, वर जांभ्याचा उघडा सडा, आणि पलीकडे पुन्हा उतार, पुन्हा खाडी. दिवसभर हेच. सुक्या जांभ्यावर बारीक गोल खडी असते, तिच्यावर टणक टायर गोट्यांवरून सरकल्यासारखा सरकतो. माझं वजन 72 किलो, टायर 2.2 इंची ट्यूबलेस. हवा पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय ठेवल्यावर पकड आली. गावातल्या पाखाड्या मात्र उतरून चालतच उतरा. त्या लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या पायऱ्या आहेत. वळणावर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एखादी आजी अचानक समोर येते, आणि तिला बाजूला व्हायला जागा नसते.

गुहागरनंतर ज्या स्टेशनावर पोचलो त्याचं नाव लिहीत नाही. सकाळी दहाला पार्सल ऑफिसच्या खिडकीशी उभा होतो. गाडी साडेचारला. माझं तिकीट कन्फर्म होतं, खिशात होतं. मी म्हणालो, “साहेब, सायकल मुंबईला पार्सल करायची आहे.” सगळी चूक या एका वाक्यात होती, पण ते कळायला मला दोन दिवस लागले.

“पॅकिंग कुठाय?”

पॅकिंग नव्हतं. बाजारात जाऊन खताच्या दुकानातून चार रिकामी पोती घेतली, हार्डवेअरवाल्याकडून सुतळी आणि दाभण. परत येऊन ओट्यावर बसलो. पुढचं चाक काढलं, हँडल आडवं वळवलं, पेडल काढली. (डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. मी तिथे दहा मिनिटं चुकीच्या बाजूला जोर लावला आणि तळहात सोलून घेतला.) मग पोती उसवून एकाला एक जोडली आणि दाभणाने शिवली. एक हमाल मामा शेजारी बसून विडी ओढत बघत होते. ते म्हणाले, “टाका लांब घ्या, दोरा दुहेरी घ्या, नाहीतर उचलताना फाटेल.” अर्धी शिवण त्यांनीच घातली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

साडेबाराला पुन्हा खिडकीवर. आता सायकलचं बिल हवं. बिल 2019 चं, ईमेलमध्ये. प्रिंट काढायला पुन्हा बाजारात. आलो तर खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. दोन वाजता उघडली तेव्हा फ्रेम नंबर विचारला. तो पेडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो आणि तो भाग मी नुकताच शिवून बंद केला होता. शिवण उसवली, नंबर लिहून घेतला, पुन्हा शिवली. ही मागणी सकाळीच सांगितली असती तर काय बिघडलं असतं? आतल्या माणसाच्या टेबलावर काम नव्हतं, रांगेत मी एकटाच होतो. एका वेळी एकच कागद मागायचा आणि समोरच्याला परत पाठवायचं, हे साडेपाच तास चाललं. मी एकदाही आवाज चढवला नाही, पण राग अजून गेलेला नाही.

फॉर्मवर किंमत त्यांनीच लिहिली, “जुनी सायकल, 2000 रुपये.” मी दमलो होतो, सही केली. पावती साडेतीनला हातात आली. गाडी आली, मी डब्यात चढलो, सायकल फलाटावरच राहिली. “गाडी इथे दोन मिनिटं थांबते, आज जागा नाही, उद्या येईल.” खिडकीतून ते पांढरं शिवलेलं गाठोडं लांब जाताना बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पार्सल ऑफिसात: आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी: आली नाही. दुपारी तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने माझी पावती हातात घेतली आणि विचारलं, “तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट होतं ना? मग पार्सल कशाला केलंत? लगेज करायचं होतं.”

तेव्हा उलगडा झाला. लगेज तुमच्या तिकिटावर बुक होतं आणि तुमच्याच गाडीने ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून येतं. पार्सलचा तुमच्या प्रवासाशी संबंध नसतो, जागा मिळेल तेव्हा ते निघतं. सायकलला मोफत सामानाची सवलत नाही, पूर्ण लगेज भाडं पडतं, ते आनंदाने द्या. सकाळपासून तिकीट माझ्या खिशात होतं. मला विचारलं नाही आणि मी दाखवलं नाही.

सायकल त्याच दुपारी सापडली, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांच्या मागे. पोतं वासाने भरलेलं, मागच्या गिअरचा हँगर (गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) आत वाकलेला. घरी चाक बसवायला गेलो तर ते डिस्क ब्रेकमध्ये जाईना. चाक नसताना कोणीतरी ब्रेकचा खटका दाबला होता, पॅड एकमेकांना चिकटले होते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने हळूहळू उघडले. चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा दुहेरी तुकडा अडकवा, बिस्किटाच्या खोक्याचाही चालतो. आणि तुमच्या फ्रेमचा सुटा हँगर सोबत ठेवा. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, कोकणातल्या दुकानात मिळण्याची आशा नको. वाकलेल्या हँगरची मला भरपाई मागता आली नाही, कारण फॉर्मवर 2000 होते. खरी किंमत लिहिली तर त्यावर थोडा जादा आकार पडतो, पण नुकसान झालं तर तोच आधार असतो.

या जानेवारीत पुन्हा गेलो, त्याच वाटेने, आणि मुद्दाम त्याच खिडकीवर आलो. तिकिटाची, आधारची आणि बिलाची झेरॉक्स, फ्रेम नंबर कागदावर, सायकल हॉटेलवरच शिवून आणलेली. म्हणालो, “लगेज बुक करायचं आहे, हे तिकीट.” नियमाप्रमाणे गाडीच्या अर्धा तास आधी सामान तिथे हवं, मी तीन तास आधी पोचलो. चाळीस मिनिटांत पावती मिळाली. तिच्यावर पीएनआर लिहिलेला आहे हे मी दोनदा वाचून पाहिलं. हमाल मामा तेच होते. गाडी लागल्यावर मी ब्रेकव्हॅनपर्यंत त्यांच्यासोबत गेलो, गाठोडं आत गेलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि मग धावत डबा गाठला. रात्री मुंबईत फलाटाच्या कडेला शिवण कापली, चाक चढवलं आणि सायकलवरच घरी आलो.

अजून एक राहिलंच. मुंबईत पोचल्यावर सामान लगेच सोडवा, मुदत उलटली की व्हार्फेज, म्हणजे सामान तिथे पडून राहिल्याचा आकार लागतो. पावतीची मूळ प्रतच दाखवावी लागते, म्हणून ती पाकिटात ठेवा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको. आणि नाव-नंबर पोत्यावर मार्करने लिहाच, पण एका चिठ्ठीवर लिहून फ्रेमलाही चिकटवा. पोत्यावरचा मार्कर ओल्या खोक्यांना घासून पुसला जातो. माझ्या पहिल्या पोत्यावर शेवटी नंबरातले चारच आकडे उरले होते.